फळी चावणाऱ्या घोड्याचं पोट

शिगमो आला की गोव्यात डिचोली-सत्तरीत घोडेमोडणी पाहायला गर्दी लोटते. कमरेला लाकडी घोडा बांधून ढोल-ताशावर नाचणारे गडी बघण्यासारखेच असतात. त्याच दिवसांत मोबाइलवर दुसऱ्या एका घोड्याचे व्हिडिओ फिरू लागतात. हा खराखुरा, तबेल्याच्या अर्ध्या दारावरून मान बाहेर काढलेला, डावी-उजवीकडे एकसारखा डोलणारा. त्यावर ढोलाचा आवाज चिकटवलेला आणि खाली ओळ, 'मुक्या जिवालाही ताल कळतो'. आवाज बंद करून पाहा, घोडा तसाच डोलत राहतो. ढोल नसतानाही तो डोलतच असतो, कधी कधी तासन्‌तास.

ठाणबंद घोड्यांत अशा ठरावीक खोडी दिसतात. कुणी डोलतो, कुणी खोलीतल्या खोलीत गोल फेऱ्या मारतो, कुणी दाराची फळी पुढच्या दातांत धरून मान ताणतो आणि घशातून 'घुक्‌' असा आवाज काढत वारा ओढतो. मोकळ्या रानात कळपाने चरणाऱ्या घोड्यांत हे आढळत नाही. म्हणजे कारण आपण दिलेल्या राहणीत शोधायला हवं. प्रत्यक्षात शोध लिंबू-मिरचीपाशी संपतो. घोड्याला नजर लागली म्हणून पायात काळा दोरा बांधतात. ज्या काळ्या घोड्याची नाल साडेसातीवर उतारा म्हणून विकली जाते, त्याचीच दृष्ट काढायची वेळ येते, यात कुणाला विसंगती वाटत नाही!

दुसरा समज जरा शहाण्यासारखा वाटतो: वारा पिऊन घोड्याचं पोट फुगतं. 1990च्या दशकात संशोधकांनी ही खोड चालू असताना घोड्यांच्या गळ्याची क्ष-किरण चलचित्रं घेतली. ओढलेला वारा अन्ननलिकेच्या वरच्या भागात शिरतो आणि बहुतेक तिथूनच परत फिरतो, जठरापर्यंत फारसा जातच नाही. तरीही भानगडीचं मूळ पोटात आहे, असं मानायला चांगला आधार आहे, आणि मला या साऱ्या विषयात सर्वांत आवडतो तो हाच भाग.

माणसाच्या जठरात आम्ल मुख्यतः जेवणाच्या वेळी जोराने सुटतं. घोड्याच्या जठरात ते चोवीस तास पाझरतं, पोटात काही असो वा नसो. जठररस तासाला लिटर-दीड लिटर तयार होतो आणि जठर मात्र जेमतेम 8 ते 15 लिटरचं. दिवसाचे चौदा-सोळा तास थोडं थोडं चरणाऱ्या प्राण्यासाठी ही रचना उत्तम होती, कारण पोटात सतत गवत आणि लाळ येत राहायची. घोड्याची लाळ आपल्यासारखी वास आला म्हणून सुटत नाही. जबडा हलला तरच ती सुटते. तिच्यात बायकार्बोनेट असतं, म्हणजे आपल्या खाण्याच्या सोड्यातला आम्लमारक भाग. किलोभर सुकं गवत संपवायला घोडा तीन हजारांहून जास्त वेळा चावतो आणि त्यात चाळीसेक मिनिटं जातात. तेवढीच चंदी, मग ती भिजवलेले हरभरे असो वा ओट, सुमारे हजार चावांत आणि दहाएक मिनिटांत फस्त होते. पोषण चंदीतून जास्त मिळेल, पण लाळ निम्मीच.

आता जठराच्या आत बघू. घोड्याचं जठर दुमजली घरासारखं आहे. खालच्या मजल्यावर आम्ल तयार होतं आणि तिथल्या भिंतीला चिकट श्लेष्म्याचा जाड लेप असतो. वरच्या मजल्याचं अस्तर अन्ननलिकेसारखंच, लेपाविना. दोहोंच्या मध्ये एक दातेरी कड असते, मार्गो प्लिकेटस. खालचा सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) 2च्या आसपास, वरचा 5 ते 7. पोट रिकामं असेल आणि घोडा दौडला, तर पोटाचे स्नायू आवळून जठर दाबतात आणि आम्ल वर उसळतं. चंदी जास्त असेल तर आणखी एक घोटाळा होतो. तिच्यातल्या स्टार्चवर जिवाणू ताव मारतात आणि उडनशील मेदाम्लं तयार करतात. सामू खाली गेलेला असला की या आम्लांचे रेणू विघटित न होता राहतात, त्यामुळे पेशीपटलातून सहज आरपार जातात, आत गेल्यावर हायड्रोजन आयन सोडतात, पेशीतलं जादा मीठ बाहेर टाकणारा सोडियम-पंप लंगडा पडतो आणि पेशी पाण्याने फुगून मरते. थोडक्यात, व्रण.

ज्या शिंगरांना फळी चावण्याची खोड आहे त्यांच्या जठरात दाह आणि व्रण जास्त दिसतात, असं ब्रिटनमधल्या प्राणिवर्तनाच्या अभ्यासक क्रिस्टीन निकोल आणि सहकाऱ्यांना आढळलं. फळी धरून ओढताना थोडी तरी लाळ सुटते, ती मिळवण्याचीच ही धडपड असावी, असा एक तर्क आहे. त्याच गटाने 2002 साली प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अभ्यासात 225 शिंगरांवर चार वर्षं लक्ष ठेवलं होतं. दूध तुटल्यावर ज्यांना चंदी सुरू झाली, त्यांच्यात फळी चावण्याची खोड लागण्याचा वेग चौपट निघाला.

खोड एकदा जडली की मेंदूतल्या डोपामिनच्या, म्हणजे 'बरं वाटण्या'शी जोडलेल्या रसायनाच्या, वाटाही बदललेल्या दिसतात. म्हणून खुराक सुधारल्यावरही ती पुरती जात नाही. गळ्याला आवळपट्टा बांधणारे किंवा फळीला मिरची फासणारे यावर जालीम इलाज केल्याच्या थाटात बोलतात. पट्टा काढला की घोडा आधीपेक्षा जोमाने फळी धरतो, हे मोजून पाहिलेलं आहे. 'शांत करणाऱ्या' पुड्या ऑनलाइन विकल्या जातात, त्यावर पैसे घालवण्याआधी तेवढ्याचं गवत घ्यावं. 'एकाचं पाहून दुसरा शिकतो' या समजालाही भक्कम पुरावा नाही. एकाच तबेल्यातले सगळे घोडे एकच खुराक खातात आणि सारखेच कोंडलेले असतात, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

आपल्याकडे खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. पावसाची झड लागते, लग्नाच्या मिरवणुका थांबतात, किनाऱ्यावरची रपेट बंद होते, आणि चिऱ्याच्या चार भिंतींत घोडा दिवसदिवस उभा राहतो. दमट हवेत वैरणीला बुरशी धरते, म्हणून मोतद्दार ती हात आखडून घालतो आणि भरपाई म्हणून चंदी वाढवतो. नेमकं उलटं व्हायला हवं. वैरण जमिनीपासून उंच, फळ्यांच्या मांडणीवर ठेवावी आणि बुरशी लागलेली पेंढी बिनदिक्कत फेकावी. बारीक भोकांच्या जाळीत गवत भरलं की तेवढंच गवत कितीतरी जास्त वेळ पुरतं. चंदी एकदम न देता दिवसात तीन-चार वेळा थोडी थोडी द्यावी. रपेटीला नेण्याआधी अर्धा तास थोडं गवत चारावं, म्हणजे जठरात तरंगणारा थर आम्लाला वर उसळू देत नाही. पाऊस उघडला की तासभर का होईना, मोकळं सोडावं. फळी धरणारा घोडा वाळू लागला, चंदी अर्धवट टाकू लागला किंवा वरचेवर पोटदुखीने लोळू लागला, तर पशुवैद्यकाला बोलवावं. जठराचे व्रण दुर्बिणीने दिसतात आणि आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल या औषधाने बहुतेक वेळा बरे होतात. मात्रा वैद्यकानेच ठरवायची.

डोलणाऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. त्याचं दुखणं पोटापेक्षा एकटेपणाचं जास्त. शेजारचा घोडा दिसेल अशी खिडकी भिंतीत पाडली तर डोलणं कमी होतं. वरातीसाठी एकच घोडा पाळणाऱ्याला दुसरा परवडत नसेल, तर आरसा लावूनही बराच फरक पडतो, हे ब्रिटनमध्ये तपासून पाहिलं आहे. आरसा ॲक्रिलिकचा घ्यावा आणि भिंतीला पक्का ठोकावा. काचेचा पहिल्याच लाथेला फुटतो.