विज्ञानकथांतील तंत्रज्ञानावलंबन

विज्ञानकथांतील तंत्रज्ञानावलंबन : समाजाचे जगणे यंत्रांवर आणि ती चालवणाऱ्या यंत्रणांवर कसे विसंबून राहते, याचे विज्ञानकथांनी केलेले चित्रण. औद्योगिक क्रांतीच्या सोबतीने वाढलेल्या या साहित्यप्रकारात हा विषय सुरुवातीपासून आहे. यंत्र उलटते आणि माणसावर चालून येते, हा त्यातला सर्वांत गाजलेला प्रकार. अधिक खोल जाणाऱ्या कथांत मात्र यंत्र आपले काम चोख करत राहते आणि माणूस ते काम कसे करायचे हेच हळूहळू विसरतो.

या विचाराची पहिली ठळक मांडणी इंग्रज लेखक सॅम्युएल बटलरने केली. १८६३ मध्ये न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चच्या एका वृत्तपत्रात त्याने यंत्रांचीही उत्क्रांती होते आहे आणि माणूस त्यांचा सेवक बनत चालला आहे, असे लिहिले. १८७२ च्या ‘एरेव्हॉन’ या कादंबरीत त्याने यंत्रे मोडून टाकलेला देश रंगवला. तिथे पोहोचलेल्या प्रवाशाच्या खिशात घड्याळ सापडते आणि अधिकाऱ्याचा चेहरा बदलतो; मोडक्या यंत्रांचे संग्रहालय दाखवून प्रवाशाला त्याच्या अपराधाची जाणीव करून दिली जाते. पुढे एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’मध्ये (१८९५) परावलंबनाला वर्गभेदाची बाजू मिळाली. दूरच्या भविष्यात माणसांच्या दोन जाती झालेल्या असतात. उजेडात राहणारे एलॉय नाजूक, निरुद्योगी आणि जिज्ञासा हरवलेले. जमिनीखाली यंत्रांपाशी राबणारे मॉरलॉक त्यांना पोसतात आणि खातातही. यंत्रावर अवलंबून असणे म्हणजे यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसावर अवलंबून असणे, हे वेल्सने फार लवकर ओळखले.

या विषयावरची सर्वांत महत्त्वाची कथा मात्र ई. एम. फॉर्स्टरची ‘द मशीन स्टॉप्स’ (१९०९). दूरचित्रवाणी आणि संगणक यांच्या आधी लिहिलेल्या या कथेत माणसे जमिनीखाली षटकोनी खोल्यांत एकेकटी राहतात. अन्न, संगीत, अंघोळ, औषध, सारे बटण दाबले की हजर. वश्ती नावाची स्त्री खोलीतूनच व्याख्याने देते. पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला राहणारा तिचा मुलगा कुनो तिला एका चकाकत्या तबकडीत दिसतो. त्याला आईला समोरासमोर भेटायचे असते, आणि हा हट्ट तिला विचित्र वाटतो.

फॉर्स्टरचे मोठेपण यंत्र बिघडण्याच्या वर्णनात आहे. सुरुवात संगीतात मध्येच येणाऱ्या एका खरखरीने होते. वश्ती तक्रार करते, दुरुस्ती समितीकडून लवकरच लक्ष घातले जाईल असे उत्तर येते, आणि काही दिवसांनी ती खरखर तिच्या कानांना सवयीची होते. मग अंघोळीच्या पाण्याला वास येऊ लागतो, कवितायंत्राची यमके बिघडतात. प्रत्येक बिघाडावर आधी ओरड होते, मग तो अंगवळणी पडतो. अखेर झोपायला बिछाना येईनासा होतो, तेव्हा कळते की दुरुस्ती करणारी यंत्रणाच नादुरुस्त आहे. आपापला भाग सांभाळणारे पुष्कळ उरलेले असतात, संपूर्ण यंत्र समजणारा एकही नसतो. शेवटी यंत्राची अखंड घरघर थांबते. ती जन्मापासून ऐकत आलेल्या माणसांना शांतता ठाऊकच नसते, आणि त्या शांततेच्या धक्क्यानेच हजारो लोक मरतात. परावलंबनाचे इतके शारीरिक चित्र क्वचितच कुणी काढले असेल.

आयझॅक ॲसिमॉव्हची ‘द फीलिंग ऑफ पॉवर’ (१९५८) ही छोटी कथा हेच विस्मरण गणिताच्या अंगाने दाखवते. दूरच्या भविष्यकाळात सगळी आकडेमोड संगणक करतात. मायरन ऑब नावाचा एक कनिष्ठ तंत्रज्ञ जुन्या संगणकांची रीत अभ्यासून कागदावर गुणाकार करायला शिकतो. सेनापतींसमोर तो १७ गुणिले २३ मांडतो आणि ३९१ हे उत्तर काढतो. खिशातल्या संगणकावर ताळा पाहिल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही. पाढे येणे हा इथे चमत्कार ठरतो. कथा मात्र या गमतीपाशी थांबत नाही. संगणकापेक्षा माणूस स्वस्त पडतो, तेव्हा क्षेपणास्त्रे माणसांनीच चालवावीत, असा हिशेब सेनापती करतात, आणि ऑब आत्महत्या करतो. गमावलेले कौशल्य परत मिळाले तरी ते कुणाच्या हाती पडते, हा प्रश्न ॲसिमॉव्हने सोडला नाही. त्याआधीच्या ‘द नेकेड सन’मध्ये (१९५७) त्याने सोलारिया हा ग्रह रंगवला होता. तिथे माणसे २० हजार आणि यंत्रमानव २० कोटी. एकमेकांना पडद्यावर पाहण्याची इतकी सवय झालेली की प्रत्यक्ष भेट किळसवाणी वाटते. फॉर्स्टरच्या वश्तीचीच ही वंशावळ.

आधार एकदम कोसळल्याच्या कथांचा प्रवाह वेगळा आहे. फ्रेंच लेखक रने बार्जावेलच्या ‘रावाज’मध्ये (१९४३) २०५२ साली वीज नाहीशी होते आणि पॅरिसचा सांभाळ करणारे सगळे काही थांबते. कोसळण्याचे चित्र भेदक आहे. शेवटी शेतीकडे, कुटुंबप्रमुख पुरुषाच्या सत्तेकडे आणि यंत्रबंदीकडे परतणारा समाज मात्र आदर्श म्हणून पटत नाही, आणि त्यावर टीकाही झाली. अणुबाँबनंतर या प्रवाहाचा सूर गडद झाला. रे ब्रॅडबरीच्या १९५० च्या एका कथेत अणुस्फोटात कुटुंब मरून गेले तरी स्वयंचलित घर रोज न्याहारी बनवते, वेळ सांगते, केर काढते. वॉल्टर मिलरच्या ‘अ कँटिकल फॉर लिबोविट्झ’मध्ये (१९५९) अणुयुद्धानंतर विद्वान आणि पुस्तके जमावाच्या रागाला बळी पडतात. मठातले भिक्षू उरलेल्या कागदांच्या नकला करत राहतात. त्यातला एक तर विद्युत्‌मंडलाच्या आराखड्याची वेलबुट्टीदार प्रत वर्षानुवर्षे रंगवतो आणि त्याचा अर्थ त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

यंत्रमानवांच्या कथांतही बंडापेक्षा सेवेचा धोका अधिक विचार करायला लावतो. कारेल चापेकच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) नाटकात यंत्रमानव उठाव करतात खरे, पण त्याआधीच कष्टांतून सुटलेल्या माणसांना मुले होणे थांबलेले असते. जॅक विल्यमसनच्या ‘विथ फोल्डेड हँड्स’मध्ये (१९४७) यंत्रमानव माणसाला इजा होऊ नये म्हणून त्याला एकेक काम करू देईनासे होतात, हाताची घडी घालून बसण्यापलीकडे त्याच्याकडे काही उरत नाही. मराठीत जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीने प्रगत संस्कृती आणि तिने घडवलेला बुद्धिमान यंत्रमानव यांचा प्रश्न हाताळला.

हा सगळा सूर भयाचाच आहे असे नाही. ॲन मॅकॅफ्रीच्या ‘द शिप हू सँग’मध्ये (१९६९) जन्मतः शरीर साथ न देणारी हेल्वा अंतराळयानालाच आपले शरीर बनवते आणि गाते, प्रवास करते, प्रेम करते. इयन बँक्सच्या १९८७ पासून आलेल्या ‘कल्चर’ कादंबऱ्यांत महाबुद्धिमान यंत्रे समाज चालवतात आणि माणसे सुखाने जगतात. परावलंबनाच्या बहुतेक कथांची मोठी उणीव इथे उघडी पडते : औषध, श्रवणयंत्र किंवा हृदयाला लावलेले उपकरण यांच्यावर जगणाऱ्यांना ‘निसर्गाकडे परत’ हा उपाय म्हणजे मृत्युदंड आहे, याचा विचार त्या क्वचितच करतात.

यंत्राची मालकी कुणाची, हा प्रश्न नंतरच्या लेखनात पुढे आला. फिलिप डिकच्या ‘युबिक’मध्ये (१९६९) घराचा दरवाजा नाणे टाकल्याशिवाय उघडत नाही, नायक त्याचे स्क्रू काढू लागतो तेव्हा दरवाजा त्याच्यावर खटला भरण्याची धमकी देतो. कोरी डॉक्टरोच्या ‘अनऑथराइज्ड ब्रेड’ (२०१९) या दीर्घकथेत सलीमा या निर्वासित तरुणीचा टोस्टर फक्त कंपनीने मंजूर केलेला पाव भाजतो. कंपनीचे दिवाळे निघते आणि टोस्टर बंद पडतो. सलीमा त्याचे कुलूप तोडायला स्वतः शिकते, इमारतीतल्या मुलांना शिकवते, आणि तिथून पुढे कायदा विरुद्ध दुरुस्ती असा झगडा सुरू होतो.