चित्रकथा-निर्मितीची ऑनलाइन साधने : वर्गातील उपयोग (विशेष संदर्भ बडोदे)

तयार पात्रे, पार्श्वभूमी, चौकटी आणि संवादाचे फुगे पडद्यावर उचलून-ठेवून चित्रकथा रचू देणारी संकेतस्थळे व त्यांचा शालेय अध्यापनातील उपयोग. मुलांच्या तोंडी ‘कॉमिक’ हाच शब्द आहे. वृत्तपत्रांनी ‘चित्रपट्टी’, ‘व्यंगचित्रमालिका’ हे शब्द रुळवले. प्रस्तुत नोंदीत ‘चित्रकथा’ हा शब्द घेतला आहे, कारण हसवणे हा या प्रकाराचा अनिवार्य गुण नव्हे. क्रमाने सांगणे हा आहे.

उगम : चित्रकथा नेमकी कोठे सुरू झाली याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही आणि हा वाद केवळ सनावळीचा नाही. जिनिव्हाचा रोडॉल्फ टोपफर (१७९९–१८४६) याने १८२७ च्या सुमारास चौकटींत ओळीने कथा चितारण्यास आरंभ केला. १८३३ पासून त्या शिलामुद्रणाने छापल्या गेल्या. त्याच्या चित्रांत फुगे नाहीत, मजकूर चौकटीखाली येतो. अमेरिकी परंपरा हा मान रिचर्ड औटकॉल्टला देते. त्याचे पिवळ्या अंगरख्यातले पोर (‘यलो किड’) १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आले आणि १८९६ मध्ये फुग्यातील संवाद व क्रमाने येणाऱ्या चौकटी त्यात एकत्र आल्या. डेव्हिड कुन्झल यांनी छपाई ही अट धरून आरंभ पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे नेला. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये हेतुपुरस्सर क्रमाने शेजारी मांडलेली चित्रे अशी व्यापक व्याख्या केली. तीत फ्रान्समधील बायो येथील अकराव्या शतकातला, भरतकामाने युद्धकथा सांगणारा पट्टाही बसतो. व्याख्या जितकी रुंद तितका उगम मागे जातो, असा हा प्रकार आहे.

वर्गाध्यापनाच्या दृष्टीने टोपफरचा पक्ष अधिक उपयुक्त वाटतो. तो पेशाने शाळामास्तर होता, निवासी शाळा चालवत असे, आणि या चित्रकथा त्याने छापण्याच्या कितीतरी आधी आपल्या विद्यार्थ्यांना दाखवल्या होत्या. डोळ्यांच्या विकारामुळे त्याला चित्रकाराचा पेशा सोडावा लागला होता. १८४५ च्या आपल्या निबंधात त्याने असे मांडले, की चेहऱ्यातील भाव साध्या रेषेने साधतो, त्यासाठी शरीररचनेचे शिक्षण लागत नाही. ‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला आजची साधने जे आश्वासन देतात, त्याचे मूळ या विचारात आहे.

भारतीय पूर्वसुरींमध्ये चित्रकथींचे, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्यांचे, नाव आधी घ्यावे लागते. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथकाचा निर्देश आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चित्रपोथ्या आणि ‘पैठणी शैली’ म्हणून ओळखली जाणारी चित्रे सामान्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील मानली जातात. सुटी पाने एकामागून एक श्रोत्यांपुढे धरायची आणि कथा तोंडाने सांगायची, अशी ही रीत. यावरून आधुनिक चित्रकथा चित्रकथींपासून आली असे काही लेखक सुचवतात. तसा थेट धागा दाखवणे कठीण आहे. चित्रकथींच्या पानात शब्द नसतो, तो निवेदकाच्या कंठात असतो. वंश वेगळा, पण गोत्र एक, एवढे म्हणणे सयुक्तिक. वर्गात मात्र ही रीत आपोआप परत येते : मुलगी आपली चित्रकथा भिंतीवर प्रक्षेपित करून वाचू लागली की फुग्यात नसलेले कितीतरी ती सांगत जाते.

शिक्षणातील स्वीकार : अमेरिकेत १९४४ मध्ये शैक्षणिक समाजशास्त्राच्या एका नियतकालिकाने चित्रकथांवर स्वतंत्र अंक काढला, त्यात डब्ल्यू. डब्ल्यू. डी. सोन्स यांनी अध्यापनातील उपयोगाची बाजू मांडली. दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थॅम यांच्या टीकेने वारे फिरले आणि शाळांची दारे बराच काळ बंद राहिली. ॲलन पायव्हिओ यांचा शब्द व प्रतिमा यांच्या दुहेरी नोंदीचा सिद्धांत (१९७१) पुढे या पद्धतीच्या समर्थनार्थ वारंवार पुढे केला जातो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सोन्सपासूनचा बराच पुरावा चित्रकथा ‘वाचण्या’बद्दलचा आहे, ऑनलाइन साधनांत मूल ती ‘रचते’. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला सरसकट लावू नये.

भारतात १९६७ पासून अनंत पै यांच्या संपादनाखाली निघालेल्या अमर चित्रकथा मालेने पालकांचा विरोध बराच निवळवला. १९७८ मध्ये शालेय शिक्षणातील चित्रकथेचे स्थान या विषयावर दिल्लीत परिसंवादही झाला. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ‘दीक्षा’ या शालेय शिक्षणाच्या ऑनलाइन मंचावर शंभराहून अधिक चित्रकथा खुल्या केल्या. त्या केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या (सीबीएसई) शाळांतील शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी रचलेल्या होत्या, हे येथे महत्त्वाचे.

साधने : पहिली सर्वपरिचित पिढी साधारणतः २००६ ते २००८ या काळातील. मेकबिलीफ्सकॉमिक्स, चेन्नईत तयार झालेले टूनडू, कॅनडातील बिटस्ट्रिप्स व पिक्स्टन ही तीतील ठळक नावे. बिटस्ट्रिप्सची शालेय आवृत्ती २००९ मध्ये ऑन्टारिओ प्रांताच्या शिक्षण खात्याने आपल्या शाळांसाठी घेतली. २०१६ मध्ये ही कंपनी स्नॅपचॅटच्या स्नॅप कंपनीने विकत घेतली आणि शालेय आवृत्ती बंद पडली. २०१२ च्या सुमारास स्टोरीबोर्ड दॅट आले; २०१३ मध्ये सुरू झालेले कॅन्वा मुळात चित्रकथेचे साधन नाही, परंतु आज शाळांत तेच अधिक उघडले जाते.

या पिढीतील पुष्कळशी साधने फ्लॅश या तंत्रावर उभी होती. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला. तत्पूर्वीच टूनडूसारखी स्थळे मिटली आणि मुलांनी वर्षानुवर्षे रचून ठेवलेली पाने त्यांच्याबरोबर गेली. आठवीतल्या मुलाला आपली सहावीतली चित्रकथा पाहता येऊ नये ही हानी लहान नाही. प्रत्येक पान तयार होताच प्रतिमेच्या किंवा पीडीएफच्या रूपात शाळेच्या संगणकावर उतरवून ठेवणे हा म्हणून कामाचाच भाग मानला पाहिजे.

देवनागरीचा प्रश्न : मराठी वर्गात खरी अडचण चित्रांची नव्हे, अक्षरांची असते. जुन्या साधनांपैकी अनेकांना जोडाक्षरे जुळवता येत नसत. फुग्यात ‘शिक्षक’ लिहिले की ऱ्हस्व वेलांटी ‘श’च्या डावीकडे येण्याऐवजी उजवीकडे जाऊन बसे आणि ‘क्ष’ फुटून पाय मोडलेला ‘क्’ व शेजारी ‘ष’ दिसे. आजचे ब्राउझर युनिकोड मजकूर नीट जुळवतात, तरी तीन गोष्टी उरतात.

एक, चित्रकथेसाठीचे खास इंग्रजी टंक (फाँट) बहुधा फक्त मोठ्या लिपीचे (कॅपिटल अक्षरांचे) असतात. त्यांच्या ओळी जवळजवळ बसतात आणि फुगे त्या मापाने कातलेले असतात. देवनागरीत वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. वरच्या ओळीतला ‘कृ’ खालच्या ओळीतल्या ‘र्को’ला धडकतो. ओळींतले अंतर वाढवावे लागते, फुगा उंच होतो आणि पात्राचे डोके झाकतो. उपाय एकच : शब्द कमी करणे. मराठीच्या शिक्षकाला याहून चांगला गृहपाठ सापडणार नाही.

दुसरी गोष्ट मराठीची स्वतःची. ‘दुसऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र हिंदीला लागत नाही. हिंदी कळफलकावर टंकणारे मूल साधा ‘र’ वापरते आणि फुग्यात ‘दुसर्या’ उमटते. शब्दावर रफार चढतो आणि उच्चारच बदलतो. यासाठी ऱ हे अक्षर वापरावे लागते. बडोद्यासारख्या ठिकाणी, जेथे देवनागरी मुलांना हिंदीच्या तासातून येते, ही चूक नित्याची आहे.

तिसरी, निवडलेल्या टंकात देवनागरी नसेल तर ब्राउझर गुपचूप दुसरा टंक घालतो. पडद्यावर बसलेला मजकूर छापताना फुग्याबाहेर सांडतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या टंकनिर्मिती संस्थेने केलेला ‘बलू’ हा टंक देवनागरी आणि गुजराती दोन्ही लिप्यांत, एकाच गुबगुबीत वळणात, विनामूल्य मिळतो. दोन लिप्यांच्या शहराला तो विशेष सोयीचा.

बडोदे : चित्राने शिकवण्याची कल्पना या शहरात नवी नाही. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू केला. १९१० नंतर उभ्या राहिलेल्या ग्रंथालय खात्यात दृश्यशिक्षणाची वेगळी शाखा होती. जादूचे कंदील, त्रिमितीय छायाचित्रे आणि पुढे फिरता सिनेमा घेऊन तिची माणसे, जेथे बहुसंख्य श्रोत्यांना अक्षरओळख नव्हती अशा गावांत जात. दादासाहेब फाळके कलाभवनात शिकले ते याच शहरात. रावपुऱ्यातील तांबेकरवाड्याच्या एकोणिसाव्या शतकातील भिंतींवर पुराणकथा ओळीने चितारल्या आहेत. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात गंगावतरण, मीराबाई, ‘नटीर पूजा’ (रवींद्रनाथ टागोरांचे नाटक) आणि महाभारत हे विषय रंगवले. वर्गाला घेऊन या दोन ठिकाणी जावे आणि ‘एका भिंतीवर किती क्षण आहेत?’ एवढाच प्रश्न विचारावा. चौकट म्हणजे काय हे संकेतस्थळ उघडण्याआधी समजते.

बडोद्याच्या मराठी घरांतील मुले आज बहुतांशी गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी त्यांच्या कानात आणि तोंडात असते, हातात नसते. निबंध लिहायला सांगितला तर ती अडतात, कारण निबंधाची मराठी त्यांच्या घरात कोणी बोलत नाही. फुग्यात मात्र बोलीच लागते. या शहरात या साधनांचे खरे मोल येथे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. फुगा भरताना आजीला ‘तू’ म्हणायचे, बाईंना ‘तुम्ही’, क्रियापद कोणते येणार, हे ठरवल्यावाचून पुढे जाता येत नाही. आणि गुजराती शब्द मध्येच आला तर तो कोणाच्या तोंडी शोभतो, याचाही विचार होतो. शेजारच्या काकांच्या फुग्यात गुजराती लिपीत गुजराती आणि आईच्या फुग्यात देवनागरीत मराठी, हे या शहराचे यथार्थ चित्र आहे. शिक्षकाने ते खोडू नये.

उदाहरणादाखल चार चौकटींची एक कथा घेऊ. पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर आला की मगरी वस्तीत शिरतात, हे येथील प्रत्येक मुलाला ठाऊक. पहिली चौकट : सोसायटीच्या फाटकाशी साचलेले पाणी, पायरीवर आजी. दुसरी : पाण्यावर फक्त दोन डोळे. तिसरी : नातू ओरडतो, ‘आजी, तू आत ये! मी वनखात्याला फोन लावतो.’ चौथी : दोरी, पिंजरा, प्राणिमित्र, आणि आजी खिडकीतून, ‘जपून रे बाबांनो, तिलाही लागायला नको.’ दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत मुलगा धावला, घाबरला, दार उघडले; ते काढलेले नाही, वाचणाऱ्याने पुरवायचे आहे. काय वगळायचे हे मुलाने ठरवले की लेखन शिकवून झाले. साधनाच्या तयार संग्रहात मगर मिळेलच असे नाही आणि मिळाली तरी फाटक, कठडा, पायरी बडोद्याची नसते. ती कागदावर काढून, मोबाइलने टिपून पानात चढवावी. बहुतेक साधने ही सोय देतात.

ध्वनीचे शब्दही तसेच. साधने ‘बूम’, ‘पाव’ असे इंग्रजी आवाज रंगीत चिकटचित्रांत तयार देतात. मराठीजवळ या बाबतीत उसनवारीचे कारण नाही : खडा पाण्यात डुबुक, मगर धबाककन, पागोळ्या टपटप, दार धाडकन, पत्रा खडखड. अनुकरणवाचक शब्दांचा पाठ एरवी रुक्ष. येथे प्रत्येक शब्दाला आकार आणि रंग द्यावा लागतो आणि ‘धप्प’ मोठे की ‘धपाक’ यावर मुले खरोखर भांडतात.

कार्यपद्धती : कथा आधी कागदावर, चौकोन आखून, पेन्सिलीने, संगणक नंतर. उलट केल्यास सगळा तास पात्राचे केस निवडण्यात जातो. तीन ते सहा चौकटी पुरेत. एका संगणकावर दोघे बसतात तेव्हा एकाने संवाद व दुसऱ्याने मांडणी घ्यावी, पुढच्या पानाला बदलावे. प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कथन, विरामचिन्हे, इतिहासातील प्रसंग, विज्ञानातील कृतिक्रम यांसाठी ही पद्धत सर्रास वापरली जाते. गणितात तिचा उपयोग मर्यादित.

वय व नोंदणी : परदेशी साधनांपैकी अनेकांत स्वतंत्र खात्यासाठी १३ वर्षांची अट असते. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानून पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट घातली आहे. शिक्षकाच्या एका खात्यातून वर्गाचे काम करणे, मुलांची पूर्ण नावे व चेहरे पानात न घालणे, ही प्रचलित काळजी. छापील प्रत कृष्णधवल निघणार असेल तर गडद पार्श्वभूमी टाळावी. फुग्यातली अक्षरे त्यात बुडतात.