सर्व्हरवरची प्रोसेस-मर्यादा : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हे पत्रक आमच्याकडून लिनक्स व्हीपीएस (मोठ्या यंत्रावरचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) किंवा सामायिक सर्व्हरवर जागा घेतलेल्या ग्राहकांसाठी आहे. मेमरी शिल्लक आहे, डिस्क रिकामी आहे, सीपीयूही शांत आहे. तरीही साइट ५०२ ही सर्व्हर-चूक दाखवते, किंवा टर्मिनलवर साधी फाइलींची यादी मागितली की ‘फोर्क : रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ असे उत्तर येते (फोर्क म्हणजे नवी प्रोसेस सुरू करणे). अशा वेळी बहुतेकदा प्रोसेस-मर्यादा, म्हणजे एका वेळी किती प्रोसेस (चालू प्रोग्राम) असू शकतात याची मर्यादा, भरलेली असते. ही मर्यादा प्रोसेसच्या गटांवर असते. ती कोणत्या गटाची भरली आहे हे ओळखता आले की निम्मे काम होते, म्हणून या पत्रकात त्यावरच जास्त भर दिला आहे.

फाइली, कमांड आणि सेटिंग यांची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजीत आणि लहान लिपीत टाइप करायची. फक्त सिस्टमडीच्या (सर्व्हरवरच्या सेवा सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) ‘टास्क्समॅक्स’सारख्या सेटिंगमध्ये प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे असते.

मर्यादा कशासाठी

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक प्रोसेसला आणि प्रत्येक थ्रेडला (प्रोसेसच्या आत समांतर चालणाऱ्या कामाला) एक क्रमांक देतो. हे क्रमांक ३२,७६८ पर्यंतच, अशी लिनक्सची जुनी मूळ सेटिंग. ६४-बिट यंत्रावर हा आकडा ४१,९४,३०४ पर्यंत नेता येतो आणि अलीकडच्या सिस्टमडी आवृत्त्या तो तिथवर नेतातच. पण क्रमांक मुबलक झाले म्हणून प्रश्न सुटत नाही. प्रत्येक थ्रेडसाठी कर्नल स्वतःच्या मेमरीत स्टॅक राखून ठेवतो, नेहमीच्या इंटेल-एएमडी ६४-बिट यंत्रावर १६ केबी, आणि प्रोसेसची स्वतःची मेमरी त्याहून वेगळी. आपल्याच दोन प्रती काढणारी स्क्रिप्ट दर पायरीला दुप्पट होत १५ पायऱ्यांत ३२,७६८ वर जाते. मर्यादा नसेल तर एका ग्राहकाच्या अशा स्क्रिप्टने शेजारच्या सगळ्यांची सेवा बंद पडते आणि दुरुस्तीसाठी आम्हालाही आत शिरता येत नाही.

हे कुणी मुद्दाम करावे लागते असे नाही. नेहमीचे कारण क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामे सुरू करणारी सेवा, असते. दर मिनिटाला सुरू होणारे एखादे काम एरवी २० सेकंदांत संपते. एके दिवशी डेटाबेसचे टेबल लॉक होते आणि ते काम अडून बसते. क्रॉनला त्याचा पत्ता नसतो, तो दर मिनिटाला नवी प्रत सुरू करत राहतो. शेल, पीएचपी आणि डेटाबेसची प्रत काढणारा डंप मिळून एका खेपेला तीन प्रोसेस धरल्या, तर तासाभरात १८० साचतात. यावर उपाय सोपा आहे. क्रॉनच्या ओळीत कामाच्या आधी ‘फ्लॉक’ ही कमांड ‘-एन’ पर्यायासह आणि एका लॉक-फाइलच्या नावासह घालावी. आधीची प्रत चालू असेल तर नवी तिथल्या तिथे परत फिरते. आमच्याकडे क्रॉन लावणाऱ्या प्रत्येकाने हे करावेच, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

नेमके काय मोजले जाते

मोजणी कर्नलमधला ‘पिड्स’ कंट्रोलर करतो. तो सीग्रुपचा, म्हणजे प्रोसेसचे गट करून त्यांना मर्यादा लावणाऱ्या व्यवस्थेचा, भाग आहे आणि २०१५ मधल्या लिनक्स ४.३ पासून उपलब्ध आहे. नावावरून तो प्रोसेस मोजतो असे वाटते, प्रत्यक्षात तो थ्रेडही मोजतो. त्यामुळे ‘माझी तर एकच जावा प्रोसेस चालू आहे’ या म्हणण्याला इथे अर्थ उरत नाही. टॉमकॅट या जावा वेब-सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये विनंत्या हाताळणारे थ्रेडच २०० पर्यंत जातात. मायएसक्यूएल साधारणपणे प्रत्येक जोडणीला एक थ्रेड देतो, पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीला अख्खी प्रोसेस देतो. नोडची एक प्रोसेसही आतून अनेक थ्रेडची असते. चालू प्रोसेसची यादी देणारी साधी ‘पीएस’ कमांड थ्रेड दाखवत नाही. त्यासाठी ‘पीएस’ला ‘-ईएलएफ’ हा पर्याय द्यावा, त्यात मधले ‘एल’ मोठ्या लिपीत.

मेलेल्या पण पालकाने दखल न घेतलेल्या प्रोसेस, म्हणजे झोंबी, याही मोजणीत राहतात. त्या सीपीयू खात नाहीत, मेमरी जवळजवळ घेत नाहीत, म्हणून लक्षात येत नाहीत. जागा मात्र अडवतात. ‘पीएस’च्या यादीत ‘डिफंक्ट’ असा शेरा असलेल्या ओळी वाढत असतील तर झोंबीला मारून उपयोग नाही, ती आधीच मेलेली असते. तिचा पालक प्रोग्राम रीस्टार्ट करावा लागतो. डॉकर कंटेनरमध्ये (प्रोग्राम वेगळा बंदिस्त करून चालवण्याच्या सोयीत) हे सर्रास होते, कारण आतला पहिला प्रोग्राम अनाथ झालेल्या प्रोसेसची दखल घ्यायला लिहिलेलाच नसतो. कंटेनर सुरू करताना ‘--इनिट’ पर्याय दिला की हा त्रास थांबतो.

गट म्हणजे तुमचे खाते नव्हे

सर्वात जास्त गैरसमज इथे होतात. जुनी पद्धत ‘यूलिमिट -यू’ ही. ती वापरकर्त्याच्या क्रमांकावर चालते : सर्व्हरवर त्या वापरकर्त्याच्या नावाने जे काही चालू आहे ते सगळे एकत्र मोजते आणि रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याला, तर अडवतच नाही. सीग्रुपची मर्यादा वेगळ्या तत्त्वावर आहे. नवी प्रोसेस तिच्या पालकाच्या गटात जन्मते आणि कुणी हलवले नाही तर तिथेच राहते. ती कोणाच्या नावाने चालते याचा गटाशी संबंध नाही. रूटच्या प्रोसेसही त्यात धरल्या जातात.

याचे परिणाम रोजच्या कामात दिसतात. पीएचपी-एफपीएमचे (साइटची पीएचपी पाने चालवणाऱ्या सेवेचे) दहा पूल, म्हणजे कामगार-प्रोसेसचे संच, दहा ग्राहकांच्या नावाने चालत असले, तरी ते सगळे एकाच एफपीएम सेवेच्या पोटी जन्मतात. मोजणी त्या एका सेवेची होते. डेबियन आणि उबुंटूवर क्रॉनची कामे क्रॉन सेवेच्या गटात पडतात, मग ती कोणाच्याही क्रॉनटॅबमधली असोत. ‘सुडो’ने दुसऱ्याच्या नावाने चालवलेली स्क्रिप्ट चालवणाऱ्याच्या गटात मोजली जाते. म्हणजे वापरकर्त्याच्या स्लाइसवर (सिस्टमडी बनवते त्या गटावर) मर्यादा घातली आणि ‘आता या ग्राहकाला आवरले’ असे समजले, तर साइट आणि क्रॉन दोन्ही त्या मर्यादेच्या बाहेरच राहतात.

म्हणून आम्ही प्रत्येक ग्राहकासाठी एक वेगळी स्लाइस बनवतो, त्याचा एफपीएम स्वतंत्र सेवा म्हणून चालवतो आणि वेळापत्रकाची कामे सिस्टमडी टायमरवर नेतो. या सेवांच्या युनिट-फाइलमध्ये ‘स्लाइस=’ या ओळीत ग्राहकाच्या स्लाइसचे नाव असते आणि मर्यादा त्या स्लाइसवर ‘टास्क्समॅक्स=’ने लावलेली असते. व्हीपीएसवर हे स्वतः करत असाल तर स्लाइसच्या नावात आडवी रेघ घालताना जपून. सिस्टमडी त्या रेघेचा अर्थ ‘आतला गट’ असा घेते : ‘दुकान-एक.स्लाइस’ ही ‘दुकान.स्लाइस’च्या पोटात जाते आणि बाहेरच्या स्लाइसची मर्यादा तिलाही लागू होते. उतरंडीत वरच्या कोणत्याही गटाची मर्यादा भरली की खालच्या गटात जागा असूनही नवी प्रोसेस नाकारली जाते.

एसएसएचचे लॉगिन मात्र ग्राहकाच्या स्लाइसमध्ये येत नाही. सिस्टमडी ते ‘यूजर-’ आणि वापरकर्ता क्रमांक अशा नावाच्या वेगळ्या स्लाइसमध्ये ठेवते. हे सोयीचेच आहे. साइट तुंबली तरी लॉगिन करून पाहता येते, आणि निदानही सोपे होते : टर्मिनलवर फोर्कचा संदेश आला तर लॉगिनची स्लाइस भरली आहे, टर्मिनल ठीक पण साइट ५०२ दाखवते आणि एफपीएमच्या लॉगमध्ये फोर्क अयशस्वी झाल्याची नोंद आहे, तर साइटची. जावाचे प्रोग्राम याच कारणाने ‘आउट ऑफ मेमरी एरर : अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड’ म्हणतात. तिथे मेमरीचे नाव वाचून हीप (जावाला दिलेली मेमरी) वाढवण्याची चूक बरेच जण करतात. हीप वाढवून मर्यादा एकानेही वाढत नाही.

डॉकरचे कंटेनरही तुमच्या स्लाइसच्या बाहेर, आपापल्या गटात असतात. डॉकर मुळात कंटेनरवर प्रोसेस-मर्यादा घालत नाही. ‘--पिड्स-लिमिट’ स्वतः द्यावे लागते. पॉडमन या तशाच दुसऱ्या साधनाची मूळ मर्यादा २०४८ असते.

आकडा कसा ठरवावा

चार कोअर आणि ४ जीबी मेमरीच्या व्हीपीएसवर एक मध्यम दुकान-साइट धरू. एफपीएममध्ये जास्तीत जास्त २० कामगार आणि एक मुख्य, म्हणजे २१. रांगेतली कामे उरकणाऱ्या ३ प्रोसेस. रेडिस या मेमरीतल्या डेटाबेसचे थ्रेड साधारण ५. दोन टायमर, प्रत्येकी चारपर्यंत, म्हणजे ८. झाले ३७. इथवर बहुतेकांचा हिशोब बरोबर येतो. राहतात ती चित्रे. उत्पादनाचा फोटो चढवला की पीएचपी बाहेरचा ‘कन्व्हर्ट’ चालवते : एक शेल आणि कोअरइतके चार थ्रेड, मिळून ५. एका वेळी पाच फोटो चढले तर २५ आणखी. एकूण ६२. याच्या दुप्पट, म्हणजे १२८ च्या आसपास, मर्यादा आम्ही सुचवतो.

हिशोबापेक्षा मोजमाप चांगले. गटाच्या फोल्डरमधली ‘पिड्स.करंट’ फाइल आताची संख्या सांगते आणि लिनक्स ६.१ पासून ‘पिड्स.पीक’ आजवरची सर्वोच्च संख्या सांगते. महिनाअखेरची बिले आणि रात्रीचा बॅकअप या दोन्ही गोष्टी ज्यात येऊन जातील असा काळ निवडून ‘पीक’ पाहावे. जुन्या कर्नलवर ‘करंट’ दर मिनिटाला नोंदवून घ्यावे. नुसते चालू आकडे पाहायला ‘सिस्टमडी-सीजीटॉप’ पुरते, आणि ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’मध्ये ‘टास्क्स’च्या ओळीवर संख्या आणि मर्यादा शेजारी-शेजारी दिसतात.

फार घट्ट मर्यादा का घालत नाही? प्रोसेस नाकारली गेल्यावर नीट सावरणारे प्रोग्राम थोडे. बॅकअपची स्क्रिप्ट अर्ध्यावर थांबते आणि मागे अपुरी फाइल ठेवून जाते, ती आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही. सिस्टमडीने २२८ व्या आवृत्तीत प्रत्येक सेवेला सरसकट ५१२ ची मर्यादा दिली होती. मोठ्या सेवांना ती अपुरी पडली आणि पुढे तो आकडा सोडून यंत्राच्या कमाल प्रोसेस-संख्येच्या १५ टक्क्यांचा नियम आला. क्रमांक ३२,७६८ असलेल्या यंत्रावर त्याचे ४,९१५ होतात.

आणि फार सैल का नाही? प्रोसेस-मर्यादा मेमरी राखत नाही. एफपीएमचा एक कामगार ६० एमबी घेत असेल तर २० कामगारांना १.२ जीबी पुरते. त्याच ४ जीबीवर २,००० ची मर्यादा असून नसल्यासारखीच. म्हणून स्लाइसवर ‘टास्क्समॅक्स’सोबत ‘मेमरीमॅक्स’ही लावावे. आमच्या स्लाइसवर दोन्ही असतात.

मर्यादा बदलायला ‘सिस्टमसीटीएल सेट-प्रॉपर्टी’, पुढे स्लाइसचे नाव आणि ‘टास्क्समॅक्स=१२८’. बदल लगेच लागू होतो आणि रीबूटनंतरही टिकतो. तात्पुरता हवा असेल तर ‘--रनटाइम’ जोडावे. चालू संख्येपेक्षा कमी आकडा घातला तरी काही मारले जात नाही. फक्त संख्या खाली येईपर्यंत नवीन काही जन्मत नाही.

भरलीच, तर

लॉगिनची स्लाइस भरली असेल तर उघडे टर्मिनल बंद करू नका. नवे मिळेलच असे नाही. बॅशच्या पोटातल्या कमांडना नवी प्रोसेस लागत नाही, म्हणून ‘एको’, ‘सीडी’, ‘रीड’ आणि ‘किल’ चालतात. ‘एलएस’, ‘पीएस’, ‘टॉप’ चालत नाहीत. ‘एको’पुढे तारांकन दिले की फाइलींची यादी मिळते. ‘किल -९ -१’ तुमच्या नावाची प्रत्येक प्रोसेस मारते. साइटचे एफपीएम कामगार त्याच नावाने चालत असतील तर तेही जातात. मुख्य प्रोसेस त्यांना पुन्हा उभे करते, पण त्या क्षणी चालू असलेल्या विनंत्या, कदाचित पैसे भरण्याच्याही, तुटतात. हे ठाऊक ठेवूनच ती कमांड द्यावी.

व्हीपीएसवर रूट असाल तर जास्त स्वच्छ मार्ग आहे. आधी त्या गटाच्या ‘पिड्स.मॅक्स’ या मर्यादेच्या फाइलमध्ये ० लिहा. आता तिथे नवे काही जन्मणार नाही. घाई न करता यादी पाहा, दोषी प्रोसेस ओळखा, तेवढ्याच मारा. हा क्रम उलटा केला तर एक मारेपर्यंत दोन जन्मतात. सगळाच गट रिकामा करायचा असेल तर लिनक्स ५.१४ पासून ‘सीग्रुप.किल’मध्ये १ लिहिणे पुरते. काम झाले की ‘पिड्स.मॅक्स’मध्ये मूळ आकडा परत लिहा, नाहीतर साइट उठणार नाही.

नुसती मर्यादा वाढवून द्या, अशी विनंती आली तर आम्ही आधी ‘पिड्स.इव्हेंट्स’ पाहतो. त्यातली ‘मॅक्स’ची संख्या किती वेळा नकार मिळाला ते सांगते. कर्नल आवृत्तीनुसार ही नोंद आतल्या गटात किंवा मर्यादा असलेल्या बाहेरच्या गटात पडते, म्हणून दोन्हीकडे पाहावे. कर्नलच्या लॉगवर विसंबू नये : ‘फोर्क रिजेक्टेड बाय पिड्स कंट्रोलर’ ही ओळ तिथे पहिल्या नकाराला येते, पुढच्या नकारांना नाही. गर्दीच्या वेळीच संख्या वाढत असेल तर साइट मोठी झाली आहे आणि मर्यादा वाढवणे योग्य. रात्रंदिवस एकाच गतीने वाढत असेल तर कुठेतरी काम अडकले आहे किंवा झोंबी साचत आहेत. तिथे आकडा वाढवून फक्त पुढची तारीख मिळते.

तिकीट पाठवताना बिघाडाची वेळ, ‘पिड्स.करंट’, ‘पिड्स.मॅक्स’ व ‘पिड्स.इव्हेंट्स’ यांतले आकडे, थ्रेडसह ‘पीएस’ची पूर्ण यादी आणि गेल्या काही दिवसांत घातलेले प्लगइन किंवा क्रॉन कळवावे. हे सगळे सेवा रीस्टार्ट करण्याआधी उतरवून घ्यावे. रीस्टार्टमध्ये तिचा गट नव्याने बनतो आणि आतली मोजणी शून्यापासून सुरू होते.