तेलकट त्वचा (बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात)

तेलकट त्वचा : तैलग्रंथींचा स्राव अधिक असल्यामुळे चेहरा, डोके, छाती वा पाठ चिकट आणि तुकतुकीत राहण्याची अवस्था. हा रोग नव्हे, शरीराची ठेवण आहे; मुरूम आणि कोंडा मात्र अशा त्वचेवर लवकर बळावतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी घरांत यावर पहिला सल्ला मिळतो तो तोंड घासून धुण्याचा. ग्रंथीतून येणारे तेल घासण्याने थांबत नाही. डोक्याला चोपडलेले तेल, कारखान्यातले ऑइल, साबण आणि दुकानातून आणलेले मलम या बाहेरून लागणाऱ्या गोष्टी तेवढ्या माणसाच्या हातात असतात, आणि या भागात चेहऱ्याचे नुकसान बहुधा त्यांनीच होते.

तैलग्रंथी रोमकूपाला, म्हणजे केस उगवतो त्या छिद्राला, लागून असतात व त्यातच उघडतात. तळहात आणि तळपाय सोडले तर त्या अंगभर आहेत. कपाळ, नाक, हनुवटी आणि डोक्याची कातडी येथे त्यांची दाटी सर्वाधिक, चौरस सेंटीमीटरला सुमारे ४०० ते ९०० इतकी. ग्रंथीतल्या पेशी तेल साठवत फुगतात आणि अखेर फुटतात. फुटलेली पेशी व तिच्यातले तेल मिळून झालेला स्राव म्हणजे सीबम. त्यात निम्म्याहून अधिक भाग ट्रायग्लिसराइडे व मेदाम्लांचा, साधारण चौथा हिस्सा मेणासारख्या एस्टरांचा आणि दहा-बारा टक्के स्क्वालीनचा असतो. केस आणि कातडी मऊ ठेवणारे हे तेल पुरते काढून टाकू पाहणे मुळातच चूक आहे. धुतलेल्या कपाळावर ते काही तासांत पुन्हा जमते.

ग्रंथींचा लगाम पुरुषसंप्रेरकांकडे (पुरुषी हार्मोनांकडे) असतो. ही संप्रेरके स्त्रियांच्या शरीरातही असतात. आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे तान्ह्या बाळाच्या ग्रंथीही काही काळ जाग्या असतात. मग त्या मंदावतात, सात-आठ वर्षांच्या सुमारास पुन्हा कामाला लागतात आणि वयात येताना जोर धरतात. स्त्रियांत पाळी गेल्यावर स्राव बराच उतरतो, पुरुषांत तो उतारवयापर्यंत टिकतो. आई-वडिलांची त्वचा तेलकट असेल तर मुलांची तशी असण्याची शक्यता मोठी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात तरुणांच्या तोंडावरील पुळ्यांना ‘मुखदूषिका’ म्हटले असून त्या शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या, काट्यांसारख्या असतात असे वर्णन आहे. खानापूरच्या रानात काटेसावरीचे खोड ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला हे निरीक्षण किती नेमके आहे ते कळेल.

उष्णतेने स्राव वाढतो. ब्रिटनमध्ये १९७० साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत त्वचेचे तापमान १ अंश सेल्सियसने बदलले की सीबमचे उत्सर्जन सुमारे १० टक्क्यांनी बदलते असे आढळले. सीमाभागाचे हवामान एकसारखे नाही. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळाभर हवा ओलीचिंब असते, तर अथणी-रायबागकडे उन्हाळा कोरडा आणि कडक. दमट हवेत घाम सुकत नाही आणि तेलात मिसळून चेहरा आहे त्याहून चिकट वाटतो. अथणीकडे तोच चेहरा उन्हाने गालांवर ओढतो आणि नाकावर तेलकट राहतो. गुऱ्हाळात चुलवाणापाशी राबणाऱ्यांना हंगामभर घाम आणि तेल दोन्हींचा सामना करावा लागतो.

खाण्याबद्दलचा समज उलटा झाला आहे. भजी-वडे खाल्ले म्हणून चेहऱ्यावर तेल येते याला आधार नाही. तळणीचे तेल पोटातून थेट कपाळावर पोहोचत नाही. मुरमांच्या बाबतीत अभ्यासांचे बोट जाते ते रक्तातील साखर झपाट्याने वाढवणाऱ्या पदार्थांकडे आणि काही प्रमाणात दुधाकडे. बेळगावचा कुंदा म्हणजे आटवलेले दूध आणि साखर, तेव्हा संशय घ्यायचाच तर भज्याआधी कुंद्यावर घ्यावा. अर्थात सणासुदीला खाल्लेल्या वाटीभर कुंद्याने कोणाचा चेहरा बिघडत नाही, आणि हा परिणाम सर्वांत सारखाही नसतो.

केसांच्या तेलाचा प्रश्न याहून महत्त्वाचा. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या दोन वेण्या खोबरेलाने निथळत घालून देणे हे या भागातील आईच्या मायेचेच एक रूप आहे. पण खोबरेल रोमकूप बुजवू शकते. घामाबरोबर ते कपाळावर, कानशिलांवर ओघळते आणि केसांच्या कडेने बारीक, एकसारखे दाणे उठतात. केसांना लावायच्या तेलकट पदार्थांमुळे होणाऱ्या अशा मुरमांचे वर्णन अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० मध्ये ‘पोमेड ॲक्ने’ या नावाने केले. मुलीला कपाळावर दाणे येत असतील तर तेल बंद करायलाच हवे असे नाही. धुण्याआधी तासभर फक्त केसांच्या लांबीला लावून मग शांपूने काढले तरी पुष्कळ फरक पडतो. रात्रभर तेल ठेवून त्याच उशीवर झोपणे मात्र टाळावे. कोंडा असलेल्या डोक्यावर तेल थापणेही उलटते. त्यामागच्या मॅलसेझिया या बुरशीचे पोषण तेलातल्या मेदाम्लांवरच होते. अशा वेळी कीटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शांपू उपयोगी पडतो.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील फौंड्र्या आणि मशीन शॉपमुळे या शहरात आणखी एक प्रकार दिसू शकतो, आणि तो तेलकट त्वचेच्या खाती चुकून मांडला जातो. लेथवर काम करणाऱ्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत आणि मांड्यांवर काळ्या ठिपक्यांचे पुरळ उठले, तर ते आतल्या तेलाचे नसून धातू कापताना वापरायच्या कटिंग ऑइलचे असते. ऑइलने भिजलेली पँट दिवसभर मांडीला चिकटून राहते आणि रोमकूप बुजून सुजतात. पाण्यात कालवायच्या कूलंटने पुरळापेक्षा खाज आणि भेगा अधिक पडतात. कपडे रोज बदलणे, ऑइलची चिंधी खिशात न ठेवणे आणि कामाची पाळी संपताच साबणाने हात धुणे हाच उपाय. रॉकेलने हात धुण्याची सवय कातडीची उरलीसुरली वाट लावते.

चेहरा दिवसातून दोनदा आणि घाम आल्यावर एकदा सौम्य फेसवॉशने धुणे पुरे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी, साधारण ४.५ ते ५.५ पीएचची असते. अंगाच्या नेहमीच्या साबणाचा पीएच ९ ते १०, म्हणजे अल्कधर्मी, असतो. पूर्वेकडच्या तालुक्यांत बोअरच्या जड पाण्यात साबण फुटतो आणि त्याचा चिकट थर त्वचेवर उरतो, मग ‘तेल निघालेच नाही’ म्हणून माणूस पुन्हा साबण लावतो. मुलतानी माती वरचे तेल शोषते, आठवड्यातून एकदा लावायला हरकत नाही, परंतु ती पूर्ण सुकून तडकेपर्यंत ठेवू नये. डाळीचे पीठ किंवा दिवाळीचे उटणे हलक्या हाताने लावले तर निरुपद्रवी. लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट तोंडाला लावू नयेत. लिंबाचा रस लागलेली कातडी उन्हात भाजल्यासारखी होऊन काळी पडू शकते. नाकावरचे काळे ठिपके मळाचे नसतात, म्हणून ते घासून जात नाहीत. रोमकूपात अडकलेला ऐवज हवेशी संयोग पावून आणि मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे काळा दिसतो.

तेलकट त्वचेलाही पाण्याचा अंश लागतो, त्यामुळे जेलच्या स्वरूपातले हलके मॉइश्चरायझर व एसपीएफ ३० किंवा अधिकचे सनस्क्रीन चालते. पुळ्या असतील तर ०.५ ते २ टक्के सॅलिसिलिक आम्ल किंवा २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडने सुरुवात करतात. बेन्झॉइल पेरॉक्साइडने टॉवेल आणि उशीच्या खोळी विटतात. रात्री लावायच्या ॲडापॅलीन या मुरमांवरील औषधाने आधी कातडी सुटते आणि गुण यायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत मलम बदलत राहणाऱ्याला कशानेच गुण येत नाही. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तैलग्रंथींनाच आकसवतात, त्यामुळे तेल कमी करण्यात त्यांची बरोबरी दुसरे औषध करत नाही. पण गर्भावर त्यांचे भयंकर परिणाम होतात, म्हणून त्या त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्याव्या लागतात.

सर्वांत मोठा धोका गजकर्णासाठी घेतलेल्या मलमाचा. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेल्या या ट्यूबा चिठ्ठीशिवाय मागितल्या जातात आणि घरातल्या एकाची ट्यूब दुसऱ्याच्या तोंडाला लागते. चार दिवस चेहरा उजळ आणि कोरडा वाटतो. मग कातडी पातळ होते, उन्हात लालबुंद होते, नव्याने पुरळ येते आणि मलम सोडले की सगळे दुप्पट उसळते. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे वेष्टनावर असतील तर असे मलम स्वतःच्या मनाने चेहऱ्याला लावू नये.

तेलकटपणाबरोबर पाळी अनियमित असणे, हनुवटीवर जाड केस येणे किंवा डोक्याचे केस विरळ होणे हे दिसले तर पीसीओएसची (स्त्रियांतील संप्रेरकांच्या एका विकाराची) तपासणी करून घ्यावी. दुखऱ्या गाठी किंवा खड्डे पडत असतील तर थांबू नये. बेळगाव शहरात बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि खासगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. अथणी-रायबागच्या लोकांना मिरज आणि निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडते. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात.