निवडक तणनाशके

पिकाला धक्का न लावता त्यातील तण मारणाऱ्या रसायनांना निवडक तणनाशके म्हणतात. ग्लायफोसेटसारखे बिननिवडक तणनाशक जवळपास प्रत्येक हिरव्या वनस्पतीला मारते. निवडक तणनाशक गव्हातला चाकवत मारून गहू ठेवते, किंवा सोयाबीनमधले गवत मारून सोयाबीन ठेवते. ही निवड म्हणजे औषधाचा पक्का गुणधर्म आहे, अशी समजूत बाटलीवरचे चित्र पाहून होते. प्रत्यक्षात ती काही अटींवर टिकते. मात्रा, पिकाचे वय, जमिनीची ओल, जोडीला फवारलेले कीटकनाशक, यांतले काहीही बदलले की तेच औषध पिकालाही इजा करते. पीक पिवळे पडून आठ-दहा दिवस वाढ थांबली की शेतकरी ‘पिकाला शॉक बसला’ म्हणतात. तो बहुधा अशाच एखाद्या मोडलेल्या अटीचा परिणाम असतो.

निवड कशी घडते

सर्वांत साधी निवड खोलीची असते. पेंडिमेथॅलिन हे उगवणपूर्व तणनाशक पेरणीनंतर लगेच, पीक आणि तण दोन्ही उगवण्याआधी ओल्या जमिनीवर फवारतात. ते मातीच्या कणांना चिकटून वरच्या पातळ थरात राहते. माठ, कुंजरू, चिमणचारा यांचे बारीक बी त्याच थरात रुजते आणि कोंबातले पेशीविभाजन थांबून तिथेच संपते. सोयाबीनचे किंवा तुरीचे बी त्याखाली पेरलेले असते. म्हणजे येथे निवड करण्यात बी खोल पेरणाऱ्या पाभरीचाही वाटा आहे. बी वर राहिले, जमीन हलकी असली किंवा फवारणीनंतर मुसळधार पाऊस होऊन औषध खाली उतरले, तर ही निवड बिघडते. जमीन कोरडी असेल तर औषध कामच करत नाही आणि शेतकरी दुकानदाराला बोल लावतो.

दुसरा प्रकार पिकाच्या शरीरातील विघटनाचा. अ‍ॅट्राझीन पानातील प्रकाशसंश्लेषण रोखते. मका ते शोषून घेतोच, पण त्याच्याजवळ अ‍ॅट्राझीनला ग्लुटाथायोन या वनस्पतीतल्याच रेणूची जोड देऊन निरुपद्रवी करणारे विकर भरपूर असते. मक्यातल्या बहुतेक रुंद पानांच्या तणांना हे जमत नाही. भातातील प्रोपॅनिलची गोष्ट याहून बोलकी आहे. भाताच्या पानात अरिल अ‍ॅसिलअमिडेज नावाचे विकर असते, ते प्रोपॅनिलचे तुकडे करते. भातात वाढणाऱ्या सावा जातीच्या गवतात ते फारच कमी असल्याने गवत करपते. मात्र काही ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट कीटकनाशके हेच विकर बंद पाडतात. प्रोपॅनिलच्या मागेपुढे थोड्या दिवसांच्या अंतराने ती फवारली तर भातही गवतासारखाच जळतो. दोन्ही औषधे भातासाठी शिफारस केलेली असतात, तरीही.

तिसऱ्या प्रकारात औषधाचे लक्ष्यच पिकात वेगळ्या घडणीचे असते. क्विझॅलोफॉप हे स्निग्धाम्ल बनवणाऱ्या एका विकराला अडवते. गवतवर्गीय वनस्पतींच्या हरितलवकातील या विकराची घडण अशी असते की औषध तिथे अडकून बसते. सोयाबीन, कपाशी, भुईमूग, कांदा यांच्यात ती निराळी असते. त्यामुळे या पिकांना त्याची मात्रा थोडी जास्त झाली तरी फारसे बिघडत नाही. सगळ्या निवडींत हीच सर्वांत भरवशाची. गहू मात्र स्वतःच गवत आहे. गव्हातले गवत मारायला क्लोडिनाफॉप वापरतात, तेव्हा त्यात पिकाला सुरक्षा देणारे क्लोक्विंटोसेट हे दुसरे रसायन मिसळलेले असते. त्याने गव्हातील विघटनाचा वेग वाढतो आणि गहू निभावतो.

२,४-डी हे या सगळ्यांहून जुने आणि अजूनही सर्वाधिक ओळखीचे. ते ऑक्सिन या वनस्पती-संप्रेरकाची नक्कल करते. रुंद पानांच्या तणात त्याने वाढीला धरबंध राहत नाही. देठ पिळवटतात, खोड फुगते, नलिका बंद होतात आणि झाड मरते. गहू, ज्वारी, ऊस यांत ते कमी वाहते आणि लवकर निष्प्रभ होते. शिवाय उभ्या, अरुंद पानांवर थेंबही कमी टिकतात. तरी वेळ पाळावी लागते. गव्हात पेरणीनंतर साधारण ३० ते ३५ दिवसांनी फवारणी करतात. त्याच्या बरीच आधी केली तर ओंब्या वेड्यावाकड्या निघतात, आणि कांडी धरल्यावर केली तरी नुकसान होते.

उगम

युरोपातील शेतकऱ्यांच्या ध्यानात ही कल्पना योगायोगाने आली. १८९६ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षवेलींवर फवारलेले बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) शेजारच्या रानमोहरीवर पडून ती काळी पडलेली दिसली. तांब्याचे आणि लोखंडाचे क्षार तृणधान्यांत फवारले तर रुंद पानांचे तण जळते आणि धान्य वाचते, हे त्यानंतर लवकरच कळले. पुढे सौम्य गंधकाम्लही याच कामासाठी वापरले गेले. १९३२ मध्ये डायनायट्रो-ऑर्थो-क्रेसॉल हे पहिले सेंद्रिय (म्हणजे कार्बनयुक्त) निवडक तणनाशक फ्रान्समध्ये आले. पंजाबात १९३७ मध्ये काटेरी रानकरडईवर सोडियम आर्सेनाइट वापरले गेले. भारतातील रासायनिक तणनियंत्रणाची सुरुवात तेथून मानली जाते.

खरे वळण दुसऱ्या महायुद्धात आले. संप्रेरकासारखी रसायने थोडी दिली तर मुळे फुटतात आणि जास्त दिली तर झाड मरते, हे ब्रिटन आणि अमेरिकेत वेगवेगळ्या गटांना जवळजवळ एकाच वेळी आढळले. शत्रूची पिके नष्ट करण्याच्या शक्यतेमुळे हे काम गुप्त ठेवण्यात आले. १९४५ नंतर निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २,४-डी, एमसीपीए बाजारात आली. मजुरी महाग असलेल्या देशांत त्यांनी काही वर्षांतच कुळवणीची जागा घेतली. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’मध्ये २,४-डी बरोबर २,४,५-टी होते. त्यातील डायॉक्सिन या विषारी रसायनाची भेसळ मुख्यतः या दुसऱ्या घटकातून आलेली. आपल्याकडे या दोन्हींची अजूनही गल्लत होते.

अ‍ॅट्राझीन १९५० च्या दशकाच्या शेवटी स्वित्झर्लंडमधील गायगी कंपनीत तयार झाले. १९७० च्या दशकात ड्युपाँ कंपनीतील जॉर्ज लेविट यांनी शोधलेल्या सल्फोनिलयुरिया गटाने मात्रेचे परिमाणच बदलले. गव्हात २,४-डी हेक्टरी अर्धा किलोच्या आसपास लागते, तर याच गटातले मेटसल्फ्युरॉन फक्त चार ग्रॅम. एवढ्या कमी मात्रेचा फायदा आहे, तशी जोखीमही. मोजण्यातली किरकोळ चूक दुप्पट मात्रा घालते, आणि पंपाच्या तळाशी राहिलेला अंश पुढच्या पिकाला इजा करायला पुरतो.

महाराष्ट्रातील वापर

राज्यात तणनाशकाचा प्रसार झाला तो मुख्यतः मजुरांच्या टंचाईमुळे. सोयाबीनमध्ये पेरणीनंतर १५ ते २५ दिवसांत खुरपणी साधायची असते. त्याच काळात पावसाची झड लागते, वाफसा मिळत नाही, डवरणी होत नाही, आणि गावातल्या प्रत्येकाला मजूर त्याच आठवड्यात हवे असतात. त्यामुळे इमॅझेथापायर दोन-चार पानांच्या तणावर हेक्टरी एक लिटर (दहा टक्के द्रावण) या प्रमाणात फवारण्याची पद्धत रूढ झाली. तण वीतभर वाढल्यावर फवारले तर ते नुसते पिवळे पडून पुन्हा फुटते. मग मात्रा वाढवली जाते आणि शॉक पिकाला बसतो. उसात मेट्रिब्युझीन, अ‍ॅट्राझीन आणि २,४-डी, मक्यात अ‍ॅट्राझीन आणि टेम्बोट्रिऑन, कांद्यात ऑक्सिफ्लोरफेन, कपाशीत पायरिथायोबॅक, कोकणातील भातखाचरात प्रेटिलाक्लोर आणि बिसपायरिबॅक ही नावे दुकानात नेहमी ऐकू येतात. लव्हाळ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या जमिनीतल्या गाठी खुरप्याला दाद देत नाहीत. उसात त्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन चालते. हे औषध आल्यापासून लव्हाळ्याने पडीक पडायला आलेली काही बागायती राने पुन्हा हाताखाली आली.

कपाशी आणि द्राक्षवेल २,४-डीला कमालीच्या नाजूक आहेत. शेजारच्या उसात किंवा बांधावर फवारणी झाली आणि वारा तिकडे असला, किंवा पंप नीट न धुता पुढे कीटकनाशकाला वापरला, की कपाशीची नवी पाने भेंडीच्या पानासारखी अरुंद, बोटे फुटल्यासारखी येतात. हा रोग समजून बुरशीनाशके फवारणारे दरवर्षी भेटतात. इस्टर प्रकारचे २,४-डी वाफ होऊन लांब जाते, अमाइन आणि सोडियम क्षार तुलनेने बरे. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा, ही कृषी विस्तारातली सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी पाळली जाणारी सूचना असावी.

मिश्रपिकात निवडकपणाचा अर्थच गुंतागुंतीचा होतो. उसात अ‍ॅट्राझीन चालते, पण उसात हरभरा किंवा सोयाबीन आंतरपीक घेतले असेल तर ते आंतरपिकाचा बळी घेते. फेरपालटातही तेच. गव्हातील सल्फोसल्फ्युरॉनचा अंश जमिनीत राहिला तर मागून पेरलेल्या मका-ज्वारीला त्रास होतो. म्हणून तणनाशक निवडताना आधीचे, सोबतचे आणि पुढचे अशी तिन्ही पिके विचारात घ्यावी लागतात.

आणखी एक बाजू कृषी पुस्तिकांत सहसा येत नाही. तांदुळजा, चाकवत, घोळ, कुर्डू, पाथरी, केना ही पुस्तिकेच्या भाषेत तणे, पण स्वयंपाकघरात रानभाज्या. खुरपणाऱ्या बायका संध्याकाळी ओच्यात भाजी आणि डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन घरी येत. रुंद पानांवर चालणारे औषध हा भेद करत नाही, आणि खुरपणीची मजुरीही त्याचबरोबर जाते. फवारणीचा खर्च खुरपणीपेक्षा कमी येतो हा हिशोब बरोबर आहे, पण तो शेतमालकाचा हिशोब आहे.

प्रतिकार आणि तणांची अदलाबदल

पिकाशी सगळ्यात जास्त साम्य असलेले तण निवडक औषधातून निसटते. गव्हात वर्षानुवर्षे २,४-डी मारल्यावर रुंद पानांची तणे कमी झाली आणि गवते मोकळी झाली. बुटक्या गव्हाच्या जाती, पाणी आणि खत यांच्या आधाराने पंजाब-हरियाणात गुल्ली डंडा हे गव्हासारखेच दिसणारे गवत फोफावले. त्यावर आयसोप्रोट्युरॉन लागू पडले आणि दीड दशक त्यावरच भिस्त राहिली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हरियाणात या गवताने त्याला जुमानणे सोडले. काही शेतकऱ्यांना उभा गहू चारा म्हणून कापावा लागला. प्रतिकार आला तो विघटनाचा वेग वाढून, म्हणजे जी युक्ती गव्हाला वाचवत होती तीच गवताने उचलली. भातातील सावा गवतानेही अमेरिकेतील अर्कान्सॉमध्ये प्रोपॅनिलबाबत नेमके हेच केले. पुढे आलेल्या क्लोडिनाफॉप आणि सल्फोसल्फ्युरॉनवरही गुल्ली डंड्याने काही ठिकाणी मात केली. औषधांचे गट बदलत राहणे, पेरणी लवकर करणे, तांदूळ-गहू फेरपालट मोडणे हे उपाय त्यातून पुढे आले. १९८९ मध्ये जबलपूरला स्थापन झालेली, आज तण संशोधन संचालनालय या नावाने ओळखली जाणारी संस्था भारतातील या कामाचे केंद्र आहे.

दुसरा मार्ग पीकच बदलण्याचा. ग्लायफोसेट सहन करणाऱ्या जनुकीय बदल केलेल्या पिकात बिननिवडक औषध निवडक बनते. अशा कपाशीला भारतात परवानगी नाही, तरी विदर्भात तिचे बियाणे ‘चोर बीटी’ या नावाने विकले जाते. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून कायदेभंग केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक कीडनियंत्रकांपुरती मर्यादित केली. बांधावर ते आजही कोण फवारते, हे गावात सगळ्यांना माहीत असते. जनुके बाहेरून न घालता, उत्परिवर्तनातून इमॅझेथापायर सहन करणारे पुसा बासमती १९७९ आणि १९८५ हे भात मात्र २०२१ मध्ये अधिकृतपणे आले.

कायद्याने तणनाशके १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात आणि त्यांची नोंदणी पीकवार होते. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात २,४-डी, अ‍ॅट्राझीन, ब्युटाक्लोर, पेंडिमेथॅलिन ही रोजच्या वापरातली तणनाशकेही होती. भूजलात सापडते म्हणून युरोपीय संघाने अ‍ॅट्राझीन त्याआधीच, २००० च्या दशकात, बंद केले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये २,४-डीला ‘कदाचित कर्ककारक’ या गटात ठेवले.

हिरवळीवरील वापर

हिरवळीत पीक म्हणजे गवत, त्यामुळे रुंद पानांवरची औषधे येथे सोयीची ठरली. उत्तर अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धापूर्वी हिरवळीच्या बियाण्यात पांढरा क्लोव्हर हे शेंगवर्गीय रोप मुद्दाम मिसळत, कारण तो हवेतले नत्र जमिनीत आणतो. २,४-डी आणि तिच्या जोडीला आलेली मेकोप्रॉप, डायकॅम्बा ही औषधे डॅन्डेलियन या रुंद पानांच्या तणाबरोबर क्लोव्हरही मारू लागली. त्याला वाचवणारे औषध नव्हते म्हणून क्लोव्हरचीच गणना तणात झाली. महाराष्ट्रात उलटा प्रकार दिसतो. काळ्या रानात कुदळीने खणून काढावी लागणारी हरळी क्रिकेटच्या मैदानावर निगुतीने लावतात, आणि तिच्यातला लव्हाळा काढायला उसातलेच हॅलोसल्फ्युरॉन कामी येते.

शेतात औषधाच्या बाजूने उत्पन्नाचा मुद्दा असतो, हिरवळीत फक्त दिसण्याचा. त्यामुळे निर्बंधही तिथे आधी आले. कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या हडसन या छोट्या नगराने १९९१ मध्ये शोभेसाठी कीडनाशके वापरण्यावर बंधने घातली. हिरवळ निगा राखणाऱ्या कंपन्या न्यायालयात गेल्या आणि २००१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने नगराच्या बाजूने निकाल दिला. नंतर क्वेबेकने आणि २००९ मध्ये ओंटारिओने प्रांतभर बंदी केली. ओंटारिओच्या बंदीतून शेती आणि गोल्फची मैदाने वगळली आहेत.