बीपीची तिसरी गोळी चालू करायच्या आधी

आमच्या विदर्भात बीपी वाढला की पहिला दोष मिठावर, दुसरा टेन्शनवर. कापूस वेचून आलेल्या काकूच्या पायात रात्री गोळे आले तर "दिवसभर वाकून होती, दुसरं काय", अन् पीएचसीत बीपी १६० निघाला की एक गोळी, मग दुसरी, मग तिसरी. पण हा बीपी वाढला काहून, हे कोणी पाहतच नाही.

किडनीच्या वर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, अ‍ॅड्रिनल. त्यातून अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन निघते, ते किडनीला सांगते की मीठ धरून ठेव अन् पोटॅशियम सोडून दे, आणि ते कधी निघायचं हे ठरवते रेनिन. वावरातली मोटर समजा ना राजेहो! रेनिन म्हणजे बटन दाबणारा, अल्डोस्टेरॉन म्हणजे मोटर. पण काहींच्या ग्रंथीत जणू ऑटोस्विच बसलेला असतो, बटन दाबणारा घरी झोपलेला अन् मोटर आपली चालूच, मग अंगात मीठ-पाणी साचते आणि बीपी चढतो, अन् पोटॅशियम फार घटलं तर पायात गोळे येतात. या आजाराला प्रायमरी अल्डोस्टेरॉनिझम म्हणतात. मिशिगनच्या डॉ. जेरोम कॉननी १९५५ मध्ये ३४ वर्षांच्या एका बाईची अशी केस छापली, तिलाही पेटके अन् अशक्तपणाच होता, ग्रंथीतली गाठ काढली तेव्हा बरी झाली.

पुढं बरीच वर्षं हा आजार दुर्मिळ समजला गेला, कारण डॉक्टर फक्त पोटॅशियम कमी असलेल्यांतच शोधायचे. खरं तर बहुतेकांचं पोटॅशियम नॉर्मलच असते. साध्या दवाखान्यात येणाऱ्या १०० बीपीवाल्यांत ५ ते १० जण यातले निघू शकतात, आणि बीपी तेवढाच असला तरी यांच्या हृदयाला अन् किडनीला मार जास्त. म्हणून अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं (हार्मोनच्या डॉक्टरांची संघटना) २०२५ मध्ये सुचवलं की बीपीच्या सगळ्याच पेशंटची ही तपासणी करावी.

तपासणी म्हणजे काय तर सकाळी रक्त घेऊन अल्डोस्टेरॉन अन् रेनिन दोन्ही मोजायचे, मोटर जोरात अन् बटनवाला गायब असं दिसलं की संशय पक्का. एकच ग्रंथी बिघडलेली असेल तर ती दुर्बिणीनं काढता येते, दोन्ही असतील तर स्पायरोनोलॅक्टोन, जुनी अन् स्वस्त गोळी. पण ती मेडिकलमधून आणून स्वतःच चालू करू नका, पोटॅशियम चढू शकते, काही पुरुषांची छाती सुजते.

पीएचसीत हे मोजायची सोय नसते, सॅम्पल शहरात जाते. इथं एक घोळ होतो बरं का. आपल्याला वाटते सॅम्पल म्हणजे बर्फात ठेवलेलं बरं, पण बर्फाच्या गारव्यानं रक्तातलं झोपलेलं प्रोरेनिन (रेनिनचं कच्चं रूप) जागं होते, रेनिनचा आकडा खोटाच फुगतो, अन् आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.