पिशवी चांगली, बीजं संपली

"पिशवी छान आहे, पण बीजं राहिली नाहीत." एएमएचचा, म्हणजे उरलेल्या बीजांचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट बघून डॉक्टर असं म्हणाले की चाळिशीतली बाई गोंधळते. दोन्ही एकाच शरीरातली, एकाच वयाची ना?

वय एकच, म्हातारपण वेगळं. स्त्रीबीजं नव्याने तयार होत नाहीत. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असताना तिच्याकडे 60-70 लाख बीजं असतात. जन्मताना 10-20 लाख, पाळी येईपर्यंत 3-4 लाख. प्रत्येक बीज आपलं विभाजन अर्ध्यावर थांबवून ताटकळत बसलेलं असतं, कधीकधी चाळीस वर्षं. गुणसूत्रांना धरून ठेवणारी प्रथिनं तेवढ्यात झिजतात आणि ऐन वेळी वाटणी चुकते. मग गर्भ रुजत नाही, किंवा रुजून पडतो.

गर्भाशयाचं अस्तर मात्र दर पाळीला नवं. म्हणून तरुण दात्रीचं, म्हणजे बीज दान करणाऱ्या दुसऱ्या स्त्रीचं, बीज घेतलं, तर यश बरंचसं तिच्या वयावर ठरतं, गर्भ वाढवणारीच्या नाही. आपल्याकडे पुरुष म्हणजे बी आणि बाई म्हणजे जमीन म्हणायची जुनी खोड. इथे दोन बायकांमध्येच बी आणि जमिनीची वाटणी होते!

अंडाशय बंद पडलेल्या स्त्रीत अशा दानाच्या बीजाचा गर्भ टिकवल्याचं मेलबर्नच्या डॉक्टरांनी 1984 साली 'नेचर'मध्ये छापलं. मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजांनी 1991 मध्ये हे करून दाखवलं. इस्ट्रोजेन देऊन अस्तर जाड करायचं, मग प्रोजेस्टेरॉन, मग दात्रीच्या बीजापासून शरीराबाहेर वाढवलेला पाच दिवसांचा गर्भ आत सोडायचा. ही औषधं नऊ महिने लागत नाहीत. दहाएक आठवड्यांनी वार (प्लॅसेंटा) स्वतःच ती संप्रेरकं बनवू लागते.

दात्रीला दहा-बारा दिवस इंजेक्शनं, शेवटी भूल देऊन सुईने बीजं काढणं. 2021 च्या कायद्याने तिचं वय 23 ते 35 हवं, आयुष्यात एकदाच दान, जास्तीत जास्त सात बीजं, आणि विक्रीला बंदी. सात कमी पडतात अशी कुरकुर ऐकू येते. मला ही मर्यादा पटते. सुया तिच्या पोटात जातात.

"पोटात वाढवलं की बाळ तुमच्यासारखंच होतं" हा दिलासा अर्धाच खरा. कोणती जनुकं किती चालू राहतील यात गर्भाशयाचा थोडा हात असतो, पण आईकडून यायची जनुकं दात्रीचीच. नाक काही बदलत नाही.

शरीरालाही हे परकेपण कळतं. एरवी गर्भात निम्मा वाटा आईचा असतो, इथे तोही नाही. बहुधा त्यामुळेच अशा गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा धोका जास्त, म्हणून प्रत्येक खेपेला बीपीचा पट्टा आधी दंडावर चढतो.